मंगळवारचा आवाज

झाडगाव, रत्नागिरी
ता. २० सप्टेंबर १९३४

चि. सदाशिव यास धाकू शेट्ये याचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. इथला एक गोरा साहेब विलायतेस परत गेला, त्याची दोन बैठकीची लाल स्पोर्ट मोटार मी घेतली, हे तुझ्या अक्काने कळवलेच असेल. घरात नवी किसणी आली तरी ती तुला पत्र लिहिते.

गाडी पळायला उत्तम आहे. आवाज मात्र आजारी माणूस कण्हावा तसा. तू मुंबईत बारा वर्षे मोटारींचे फिटरकाम करतोस, तेव्हा दिवाळीला घरी येशील तेव्हा एवढे काम कर. मला आवाज भरदार पाहिजे. गाडी वरच्या सड्याच्या माळावरून गेली तर खाली झाडगावात ओटीवर बसलेल्या माणसाने मान न वळवता म्हणावे, धाकूशेट चालले. डबा बडवल्यासारखा नको. दुसऱ्या कुठल्याही मोटारीचा नसेल असा पाहिजे.

आणखी एक. ही कल्पना माझी, हे अक्काला सांगू नकोस. तू हौशी आहेस, तुलाच सुचले म्हण. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर घाल, घरी नको.

धाकू शेट्ये


लॅमिंग्टन रोड, मुंबई
ता. २८ सप्टेंबर १९३४

तीर्थरूप भावोजींच्या सेवेशी सदाशिवचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी पाकिटावरचं अक्षर पुन्हा पाहिलं. मी ताकाचा भुरका मारला म्हणून भर पंगतीत डोळे वटारणारे भावोजी ते हेच का, अशी शंका आली. तुम्हाला मोठा आवाज कधीपासून आवडायला लागला?

असो. काम अवघड नाही. गाडीचा आवाज बसतो तो सायलेन्सरच्या डब्यात. आत पत्र्याचे पडदे असतात, त्यांना धडकत धडकत धूर बाहेर येतो आणि आवाज तिथेच मरतो. तो डबा काढून मी भोकं पाडलेली सरळ नळी घालीन, मूळच्यापेक्षा अर्धा इंच रुंद. भोवती लोखंडी किसाचं अस्तर आणि वरून पत्रा. शेवटाला माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड. त्यानं आवाज फाटत नाही, खोल येतो. शिवाय एक झडप बसवून देतो. तार ओढली की आवाज खाली. रात्री-अपरात्री गावातून जाताना लोकांच्या शिव्या नकोत.

अक्कापासून एवढं लपवायचं काय आहे ते मात्र कळलं नाही. तिनं विचारलं तर मी खोटं बोलेन, पण मला ते नीट जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

सदाशिव


झाडगाव
ता. ६ डिसेंबर १९३४

चि. सदूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीचे तीन दिवस गाडीखाली उताणा पडलास, माझ्या हातचं धड जेवलासही नाहीस, आणि जाताना हे काय करून ठेवलंस रे? गाडी सुरू झाली की माजघरातली भांडी किणकिणतात. समोरची म्हैस दोन दिवस पान्हावली नाही. आणि ह्यांना काही वाटतच नाही! मी दाराची कडी जोरात लावली तर कपाळाला आठी घालणारा माणूस. तुला सुचलं म्हणे. सदू, तू मला सांगितलंस तेव्हा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होतास. लहानपणी गूळ चोरलास की असाच उभा राहायचास.

दिवाळीपासून दर मंगळवारी दुपारचं जेवण झालं की गाडी निघते. बाबल्या ड्रायव्हर बरोबर असतो, पण नावाचाच; चाक हे त्याच्या हाती देत नाहीत. सड्याचा चढ चढून हातखंब्याकडे जाते ती दिवेलागणीला परत. विचारलं तर म्हणतात, हवा खायला. हवा ओटीवर नाही का?

परवा गोदूबाई मासळी घेऊन आली. ती म्हणाली, "वयनी, तुमचं शेट मंगलवारी पांढऱ्या समुद्राच्या वाळूतनं चाललेलं बगितलं मी. छत्री अशी तोंडाम्होरं धरलेली. पाऊस नाय, ऊन पन नाय." मी तिला उडवून लावलं. म्हटलं, त्याच वेळी गाडी सड्यावर गरजत होती, मी माझ्या कानांनी ऐकली, सगळ्या आळीनं ऐकली. हातखंबा एका दिशेला, समुद्र दुसऱ्या. ती नुसती हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

घरात आम्ही दोघंच. जी एक होती तिच्या नावानं दीड वर्षापूर्वी आंघोळ केली, तिचं नाव मी काढत नाही आणि तूही काढू नकोस. पण एवढ्या मोठ्या घरात नवऱ्याच्या मनात काय चाललंय हे मोटारीवरून ओळखायची पाळी यावी ना! तुला काही ठाऊक असेल तर लिही. पत्र गोदूबाईच्या घरी घाल, पोस्टमन तिच्या दारावरूनच येतो.

अक्का


मुंबई
ता. १४ डिसेंबर १९३४

ती. अक्कास सदूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तू उगीच मनाला लावून घेतेस. पुरुषाला पन्नाशीला एखादं खूळ लागतं. कुणी तमाशाला जातं, कुणी पत्त्यांना बसतं. भावोजींना गाडी लागली, हे त्यातल्या त्यात बरं. अंगठ्यानं जमीन उकरत होतो म्हणतेस, तर पाय तेलानं माखले होते.

मला मात्र एक सांग. तो आवाज मी पाच वेळा नळी कापून बसवला आहे. गॅरेजात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. दुरून कसा येतो ते मला ऐकायला मिळालंच नाही, कारण मी कायम गाडीत किंवा गाडीखाली. तू ओटीवर बसून एकदा नीट ऐक. रविवारी भावोजी पाहुण्यांना फिरवून आणतात तेव्हा ऐक, मंगळवारी ऐक. चढावर कसा, उतारावर कसा, सगळं लिही. कलाकारावर एवढी मेहेरबानी कर.

सदू


झाडगाव
ता. ३ जानेवारी १९३५

चि. सदूस आशीर्वाद.

कलाकार म्हणे! बरं, ऐकलं बाबा.

रविवारी चढावर आवाज नीट चढतो, मग मध्येच तुटतो, खर्रर्र करून दातओठ खातो आणि पुन्हा लागतो. असं दोनदा झालं. परत येताना उतारावर नुसतं फट् फट् फट्, दिवाळीतले उरलेले फटाके लावल्यासारखं. आळीतली पोरं टाळ्या पिटतात.

मंगळवारी तसं नाही. आवाज एका लयीत चढत जातो, कुठे तुटत नाही, खरखर नाही. कधी एक सूर संपला आणि दुसरा लागला ते कळतही नाही. उतारालाही फटाके नाहीत, घुमत घुमत खाली येतो. मी म्हटलं, मंगळवारी गाडीची लहर चांगली दिसते. झालं तुझं समाधान?

आता माझं ऐक. दुकानातल्या गड्यानं बोलता बोलता सांगितलं की शेटनी महिन्यापूर्वी एक हिरवं लुगडं काढून घेतलं, चांगलं काठाचं. ते घरी आलेलं नाही. माझ्या अंगावर आलेलं नाही, सदू. मी ट्रंका पाहिल्या, फडताळ पाहिलं, गाडीच्या बैठकीखालीसुद्धा पाहिलं. चोरासारखी माझ्याच घरात हिंडले आणि मग माझीच मला लाज वाटली.

कुणीतरी आहे. हातखंब्याला असेल नाहीतर पालीला. तू पुरुषांची बाजू घेऊन मला समजावू नकोस. मला खरं पाहिजे.

अक्का


मुंबई
ता. ९ जानेवारी १९३५

ती. भावोजींस नमस्कार.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावरच घालतो आहे, काळजी नसावी.

माझा एक गाववाला नाताळात तिकडे येऊन गेला. त्याच्याकडून तुमच्या गाडीचा आवाज समजला. भावोजी, दिवाळीत मी तुमच्या शेजारी बसून हातखंब्यापर्यंत गेलो आहे. तुम्ही गिअर बदलताना घाई करता, म्हणून दात खरखरतात. उतारावर पाय एकदम उचलता, म्हणून नळीतून फटाके फुटतात. बाबल्याची उमर आगबोटीच्या इंजिनावर गेली. दिवाळीत तुमच्या मागे मी एकदा त्याच्या हातात गाडी दिली, तर खरखर नाही आणि फटाके नाहीत.

तर मंगळवारी गाडी चालवतो बाबल्या. त्याला स्टिअरिंगला हातही न लावू देणारे तुम्ही जर शेजारी बसला असता तर गाडी त्यानं चालवलीच नसती. म्हणजे मंगळवारी तुम्ही गाडीत नसता. गाडी गावाला ऐकवायला जाते आणि तुम्ही दुसरीकडे जाता. झडप नको म्हणालात तेव्हाच मला कळायला हवं होतं. गाडी पावसाळी ढगासारखी गरजली पाहिजे, म्हणजे कुणी तुम्हाला कुठे पाहिलं तरी दहाजण शपथेवर सांगतील, धाकूशेट सड्यावर होते.

माझ्या हातानं तुम्ही हे करवून घेतलंत. ज्या बहिणीनं आई गेल्यावर मला वाढवलं तिच्याविरुद्ध. कोण आहे ती? उत्तर आलं नाही तर मी बोटीनं येतो आणि चारचौघांत विचारतो.

सदाशिव


रत्नागिरी, दुकानातून
ता. १७ जानेवारी १९३५

चि. सदाशिव यास आशीर्वाद.

तुझा गाववाला मोठा कानसेन दिसतो. रविवारचा आवाज वेगळा, मंगळवारचा वेगळा, चढ वेगळा, उतार वेगळा. एवढे वार लावून ओटीवर कोण बसते ते मला कळते. तुझ्या अक्काने, कमळेने, तुला माझ्यावर हेर नेमला की तू तिला? परवा मी गाडीच्या बैठकीखालची गोधडी विस्कटलेली पाहिली, तेव्हाच संशय आला होता.

मी तुझ्यावर रागावणार होतो. तीन दिवस रागावलोही. मग वाटले, कुणालातरी सांगायला हवे.

मी मिऱ्याला जातो, मालनकडे.

माझ्या मुलीने जातीबाहेरच्या गंगाराम मास्तराशी नोंदणीने लग्न केले, तेव्हा समाजाची मंडळी आपल्या ओटीवर येऊन बसली होती. मुलगी मेली समजून आंघोळ करा, नाहीतर घर वाळीत टाकू, म्हणाली. दुकान होते, तुझ्या थोरल्या भावाच्या मुलींची लग्ने व्हायची होती. मी विहिरीवर गेलो तर कमळेने आधीच पाणी काढून ठेवले होते. मी जिवंत मुलीच्या नावाने डोक्यावर पाणी ओतले आणि कमळा शेजारी उभी होती, डोळ्यांत टिपूस नाही. त्यानंतर तिने मुलीचे नाव घेतलेले नाही. एवढी कठीण बाई मी पाहिली नाही. मी तेवढा कठीण नाही, सदाशिव.

गणपतीच्या आधी मास्तर दुकानात येऊन हळूच सांगून गेला की मालनला दिवस गेले आहेत. तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. मिऱ्याची वाट पांढऱ्या समुद्राच्या उघड्या वाळूतून जाते, कुणीतरी पाहणारच. मग मोटारीचे सुचले: मी चढाच्या पायथ्याशी उतरायचे आणि बाबल्याने गाडी सड्यावर न्यायची. हिरवे लुगडे मीच नेले. ओटी भरायला तिला कुणी नाही. पुरुषाने भरायची नसते, म्हणून शेजारच्या कोळणीकडून भरवली आणि मी परसात तोंड फिरवून उभा राहिलो.

आता तुला कळले. कमळेला कळता कामा नये. जिने मन एवढे दगड केले, तिला मी आंघोळ मोडली हे कळले तर ती माझे तोंड पाहणार नाही. शपथ आहे तुला.

धाकू


झाडगाव
ता. १० फेब्रुवारी १९३५

चि. सदूस आशीर्वाद.

महिना झाला, तुझं पत्र नाही. कामात आहेस असं लिहू नकोस. तुला काहीतरी कळलं आहे आणि तू ते दाबून बसला आहेस. ह्यांचं तुला पत्र आलं असणार. दोघे पुरुष एक झालात, होऊ द्या. त्या हिरव्या लुगड्यावालीचा विचार मी सोडला आहे. मला त्याहून मोठं दुःख आलं आहे.

मालनचं नाव आज मी लिहिते आहे. दीड वर्षानं.

गोदूबाईनं सांगितलं, तिला नववा लागला. पहिलटकरीण, पायांना सूज, सासू नाही, नणंद नाही. मास्तर शाळेत गेला की दिवसभर एकटी. सदू, आंघोळीच्या दिवशी हे नुसते माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी उठून पाणी काढलं. रडले असते तर ह्यांचा पाय मागे आला असता आणि घर वाळीत पडलं असतं. म्हणून नाही रडले. त्या दिवसापासून न्हाणीघरात पाणी अंगावर घेताना रोज रडते, आवाज बाहेर जात नाही.

मी मिऱ्याला जाणार आहे. एकदाच. तिला बघेन, पायाला तेल चोळेन आणि येईन. ह्यांना कळलं तर मला घरात घेणार नाहीत. पोटच्या पोरीच्या नावानं पाणी घेणारा माणूस तो, बायकोला काय सोडील! म्हणून मंगळवार धरला आहे. गाडी सड्यावर चढली की निघेन आणि दिवेलागणीच्या आत परत येईन. मला एवढंच सांग, गाडी हातखंब्यापर्यंत जातेच ना? अर्ध्या वाटेतून परतत नाही ना? आवाज तुझा आहे. त्यावर विसंबू का?

खोटं लिहू नकोस. माझं घर त्यावर आहे.

अक्का


मुंबई
ता. १७ फेब्रुवारी १९३५

ती. अक्कास नमस्कार.

विसंब. मंगळवारी आवाज सड्यावर चढला की नि:शंक नीघ. दिवेलागणीपर्यंत गाडी फिरत नाही, हे मी जबाबदारीनं लिहितो. दुसऱ्या कुठल्या वारी जाऊ नकोस, मंगळवारीच जा.

तिथे जे दिसेल ते शांतपणे बघ. माझ्यावर राग आला तर तो मागाहून लिही.

सदू


मिऱ्या
ता. २ मार्च १९३५

चि. सदूस आशीर्वाद.

राग मागाहून लिही म्हणालास, तो लिहायला बसले आहे.

मंगळवारी आवाज चढला, मी डोक्यावर पदर घट्ट घेतला आणि निघाले. वाळूतून चालताना दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होते. मास्तराच्या घराच्या ओट्यावर ह्यांची छत्री दिसली. मला वाटलं, माग काढत पुढे येऊन बसले, आता संपलं. तेवढ्यात आतून ऐकू आलं, "पाय वर घेऊन बस गो बाय, सूज उतरेल." अशा आवाजात ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत. देवाशीसुद्धा नाहीत.

मी आत गेले. मालन हिरवं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसली होती. हे तिच्यासाठी नारळ खोवत होते. माझ्या नवऱ्याला विळी धरता येते हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. मला पाहून त्यांच्या हातातली नारळाची कवड घरंगळली. मग मालन म्हणाली, "आई, तू आलीस? आबा म्हणत होते, तू माझं नावसुद्धा घेत नाहीस. मी म्हटलं, आता आई नाहीच यायची."

सदू, हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. मी रोज न्हाणीघरात कुणासाठी रडत होते? आणि हा माणूस दर मंगळवारी इथे येऊन, तिच्या हातचा चहा पिऊन, तिला सांगत होता की तुझी आई दगड आहे. बायका सोळा सोमवार करतात, ह्यांनी सोळा मंगळवार केले. एका मंगळवारी घरी येऊन एवढंच म्हणायचं होतं, कमळे, पोर बरी आहे. मी पाय धरले असते.

मी त्यांना सांगितलं, "दुसरी बाई असती तर मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि पाचव्या दिवशी पान वाढलं असतं. ह्याला मी काय करू ते सांगा."

ते म्हणाले, "मला वाटलं तुझ्या मनातनं ती उतरली."

"विचारलंत कधी?"

त्यांनी विळी मिटून बाजूला सारली. म्हणाले, "चल घरी. गाडी यायची वेळ झाली. कुणी बघायच्या आत पोचू." तेव्हाही त्यांना कुणी बघेल ह्याचीच काळजी होती. मी गेले नाही. मालनच्या पायाला तेल चोळत बसले. ते छत्री घेऊन वाळूतून एकटे गेले. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण उठले नाही.

गुरुवारी पहाटे मालन मोकळी झाली. मुलगी आहे, काळीसावळी, ओरडायला खणखणीत. बाळंतीण बरी आहे. सुईण वेळेवर आली आणि मी होते.

काल गोदूबाई मासळी द्यायला आली. तिनं सांगितलं, ह्यांनी आळीत उठवलं आहे की कमळा बुधवारच्या बोटीनं मुंबईला भावाकडे गेली, त्याचं पोट दुखतंय म्हणे. आधी स्वतः सड्यावर असायचे, आता मला मुंबईला पाठवलं. तेव्हा तुला हे पत्र. तुला कुणी गाववाला भेटला आणि अक्का कशी आहे म्हणाला, तर तोंड उघडून सांग की अक्का मिऱ्याला तिच्या मुलीचं बाळंतपण करते आहे. समाजाची मंडळी येतील, त्यांच्याशी मी बोलेन. घर वाळीत पडलं तर पडलं. दीड वर्ष मी आतून पडूनच होते.

तुझ्यावरचा राग एवढाच. जानेवारीपासून तुला ह्यांचं ठाऊक होतं. मला इथे ढकललंस ते बरं केलंस, पण दीड महिना उशिरा. मालनच्या आठव्यात तरी मी ओटी भरली असती.

परवाच्या पुढचा दिवस मंगळवार. ते येतील, त्यांना राहवणार नाही, नात बघायची आहे. गाडी नेहमीसारखी सड्यावर पाठवून वाळूतून छत्रीआड येतील. तसे आले तर मालन दार उघडेल, तिचा बाप आहे तो. मी उघडणार नाही.

अक्का